दुधाच्या हिशेबाची डायरी

नव्या वर्षाची डायरी बहुतेक घरांत एकाच वाटेनं जाते. पहिला आठवडा पानं भरगच्च, संक्रांतीपर्यंत दोन-दोन ओळी, मग कोरी पानं आणि शेवटी मागच्या बाजूला दुधाचा नि इस्त्रीचा हिशेब. ‘आपल्याला नाही बुवा जमत,’ म्हणून आपण वही मिटतो. त्यामागे असतात हे काही गैरसमज.

गैरसमज : रोज लिहिलं तरच उपयोग.
वस्तुस्थिती : मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात, कृतज्ञतेच्या नोंदी आठवड्यातून एकदा करणाऱ्यांचं समाधान वाढलं; तीनदा करणाऱ्यांचं नाही. या संशोधकांच्या मते, फार वारंवार केलं की त्यातला ताजेपणा जातो.

गैरसमज : लिहिलं की लगेच मोकळं वाटतं.
वस्तुस्थिती : मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहिलं. दुखऱ्या प्रसंगाचा तपशील आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचं मन त्या वेळी जड झालं. पुढच्या महिन्यांत मात्र दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तरीही, लिहून त्रास वाढतच गेला तर थांबावं.

गैरसमज : बुलेट जर्नल म्हणजे रंगीत पेनं आणि नक्षी.
वस्तुस्थिती : खुणांनी नोंदी करण्याची रायडर कॅरोल यांची ही मूळ पद्धत अगदी साधी आहे : कामासाठी ठिपका, घटनेसाठी गोल, टिपणासाठी आडवी रेघ. लक्ष टिकत नाही, या स्वतःच्या अडचणीतून त्यांनी ती घडवली. साधी शाळेची वहीही चालते.

गैरसमज : डायरीत मनातलंच लिहायचं असतं.
वस्तुस्थिती : पेशवाईतल्या रोजकिर्दीत रोजचा जमाखर्च असे. आज त्याच नोंदींतून इतिहासकार त्या काळचं जगणं वाचतात. पाऊस, खर्च, औषधं, बागेतली फुलं, काहीही टिपा.

मग आपली पद्धत कोणती? आधी गरज ठरवा. कामं विसरत असाल तर ठिपके, मनात गुंता असेल तर पंधरा मिनिटं सलग लिहिणं, आठवणी जपायच्या असतील तर दिवसाला एक ओळ. महिन्यानं मागची पानं चाळा. जे पुन्हा वाचावंसं किंवा वापरावंसं वाटलं, ते चालू ठेवा.

दुधाच्या हिशेबाचं पान एकही दिवस कोरं राहिलं नव्हतं, कारण महिनाअखेरीला ते लागणारच होतं.