एका दासासाठी लिहिलेले पत्र

चांगदेवांनी ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास घेतले आणि त्यांची लेखणी मायन्यापाशीच अडली. ‘चिरंजीव’ लिहावे, तर समोरचा ज्ञानाने थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वयाने लहान. अखेर त्यांनी कोराच कागद धाडला, ही कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. मायना ही नुसती रीत नव्हे. लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते तेथेच ठरते. ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळी नात्याच्या अशाच एका पेचातून एक पत्र लिहिले गेले, आणि त्यात एका मनुष्याचे सारे भवितव्य पणास लागले होते.

ते पत्र संत पौलाचे. बायबलच्या नव्या करारात त्याच्या नावावर तेरा पत्रे आहेत. त्यांपैकी सात निःसंशय त्याचीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या सातांतील सर्वांत लहान पत्र फिलेमोन नावाच्या गृहस्थास लिहिलेले, मूळ ग्रीक भाषेत अवघ्या ३३५ शब्दांचे. काळ सुमारे इ. स. ५५ ते ६२ मधला. पौल बंदिवासात होता. फिलेमोनाचा अनेसिम नावाचा दास त्याच्यापाशी येऊन ख्रिस्ताचा अनुयायी झाला होता. तो धन्याकडून पळून आला होता, असे परंपरा मानते. पळालेल्या दासाच्या वाट्याला चाबूक, डागण्या, प्रसंगी मृत्यूही येई. धन्याचा हात धरणारे फारसे कोणी नसे. अशा दासास पौल स्वतःच परत पाठवीत होता, आणि त्याच्या रक्षणास होता तो हा एवढासा कागद.

त्या काळच्या ग्रीक पत्राची घडण ठरलेली असे. आधी लिहिणाऱ्याचे नाव, मग ज्यास लिहावयाचे त्याचे, मग ‘खैरेन’, म्हणजे ‘आनंद असो’, एवढा एकच शब्द. पुढे क्षेमकुशल, मजकूर, आणि शेवटी आप्तेष्टांस नमस्कार. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसावरील पत्रांत हाच साचा दिसतो. आपल्या ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’शी त्याचे गोत्र सहज जुळावे! पौलाने हा साचा मोडला नाही, मात्र तो नव्याने भरला. ‘खैरेन’च्या जागी त्याच्याशी नाद जुळणारा ‘खारिस’, म्हणजे कृपा, आणि तिच्या जोडीला यहुदी अभिवादनातील शांती. क्षेमकुशलाच्या जागी देवाचे आभार. गलतीकरांवर तो रागावला, तेव्हा त्याने हे आभार सरळ गाळले. पत्रे सभेत मोठ्याने वाचली जात. ऐकणाऱ्यांस ती उणीव चपराकीसारखी लागली असेल.

फिलेमोनाच्या पत्रात मायन्यापासूनच योजना दिसते. अनेक पत्रांत पौल स्वतःस प्रेषित म्हणवितो, येथे मात्र बंदिवान. शिवाय मायन्यात अप्फिया, अर्खिप्प आणि त्या घरी जमणारी मंडळी यांचाही उल्लेख आहे. म्हणजे धनी आणि दास यांच्यामधली गोष्ट चारचौघांसमोर वाचली जाणार!

आभार मानताना पौल म्हणतो, की तुझ्यामुळे भक्तजनांच्या अंतःकरणास विसावा मिळाला. मूळ शब्द ‘स्प्लांख्ना’, म्हणजे शब्दशः आतडी. ‘आतडे तुटते’ असे आपण म्हणतो, तेच. पुढे, अनेसिमाला धाडताना मी माझे आतडेच धाडीत आहे, असे तो सांगतो. आणि शेवटी मागणे करतो, की आता माझ्या आतड्यास विसावा दे. तीन ठिकाणी तोच शब्द. स्तुतीने सुखावलेल्या यजमानाच्या ध्यानात येण्यापूर्वीच त्या स्तुतीची वसुली सुरू झालेली असते.

दासाचे नावही तो लांबणीवर टाकतो. आधी ‘माझे लेकरू’, बेड्यांत असताना लाभलेले, आणि मग ‘अनेसिम’. या नावाचा अर्थच उपयोगी. पूर्वी तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगी आहे, असा श्लेष तो साधतो. त्याने काही बुडविले असेल तर ते माझ्या नावे मांड, हे तो स्वहस्ते लिहून देतो. पौलाची पत्रे लेखनिक उतरून घेत. रोमकरांच्या पत्रात तर्तिय नावाचा लेखनिक मध्येच आपलाही नमस्कार कळवितो. तेव्हा स्वहस्ताची ओळ म्हणजे कर्जरोख्यावरील सहीच. आणि लगेच, तू स्वतःच माझा ऋणी आहेस हे मी बोलत नाही, असे म्हणत तो ते बोलूनही टाकतो. ग्रीक वक्तृत्वशास्त्रात या युक्तीस नाव आहे. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना ती न शिकताच येते.

मला एक मौन मात्र खटकते. दासाहून अधिक, प्रिय बंधू म्हणून त्याला स्वीकार, असे पौल म्हणतो. मी सांगतो त्याहून अधिक करशील, असा विश्वासही दाखवितो. पण ‘त्याला मुक्त कर’ हे शब्द पत्रात कोठेही नाहीत. त्यामुळेच अमेरिकेत १८५० च्या पळपुट्या गुलामांविषयीच्या कायद्यावरून वाद पेटला, तेव्हा गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक, दोघांनीही याच पत्राचा आधार घेतला.

फिलेमोनाचे उत्तर उपलब्ध नाही. पौलाचे पत्र मात्र जपले गेले. त्याच्या अखेरीस, नमस्कारांच्या आधी, तो सहज म्हणून आणखी एक काम सांगतो: माझ्यासाठी एक खोली तयार ठेव. सुटका झाली की तो स्वतः त्या घरी यावयाचा होता.