मिसळणाऱ्याच्या हाताची चव

आमच्या घरातला मनीप्लांट अजून जॉनी वॉकरच्या चौकोनी बाटलीतच आहे. वडिलांच्या मित्राने आखातातून आणलेली ती बाटली संपायला दोन वर्षं लागली होती. खास पाहुणे आले की ती कपाटातून निघायची, आणि ते गेले की पुन्हा कुलपात. त्या पिढीला स्कॉच म्हणजे ब्लेंडेडच. हिंदी सिनेमातला खलनायकसुद्धा व्हॅट ६९च ओतायचा. मग आपल्याकडे सिंगल मॉल्ट रुळली आणि ब्लेंडेडची गणना सोड्यात घालायच्या वस्तूंत होऊ लागली. हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. जगात खपणाऱ्या स्कॉचचा मोठा हिस्सा आजही ब्लेंडेडच असतो, आणि त्यात चवीने प्यावी अशी दारू आहे. ती निवडायची कशी, एवढाच प्रश्न.

ब्लेंडेड म्हणजे मॉल्ट आणि ग्रेन या दोन प्रकारच्या व्हिस्क्यांचं मिश्रण. मॉल्ट म्हणजे मोड आणलेल्या जवाची, तांब्याच्या भट्टीत घाण्या-घाण्याने काढलेली व्हिस्की. ग्रेन म्हणजे बहुतेक गहू किंवा मका वापरून उंच स्तंभात अखंड ऊर्ध्वपातनाने काढलेली, अंगाने हलकी. हा स्तंभ आयनिअस कॉफी या आयरिश माणसाने १८३० साली पेटंट केला. मॉल्ट आणि ग्रेन कर भरण्याआधीच गोदामात एकत्र करायची मुभा १८६०च्या कायद्याने दिली, आणि एडिंबराच्या अँड्र्यू अशरसारख्यांचा धंदा फोफावला. त्याच सुमारास फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उजाड केल्या. ब्रँडी दुर्मीळ झाली आणि इंग्रजांच्या दिवाणखान्यात तिची जागा स्कॉचने घेतली.

हे मिश्रण घडवणाऱ्यांत किराणा दुकानदार पुढे होते. किल्मारनॉकचा जॉन वॉकर, ॲबर्डीनचे शिवास बंधू, एडिंबराचा जॉर्ज बॅलंटाइन, सगळे किराणावाले. एका भट्टीची दारू दर पिंपाला वेगळी लागायची, आणि गिऱ्हाइकाला तर मागच्या खेपेचीच चव हवी असायची. आपल्याकडे गोडा मसाला करणारी बाई हेच करते. यंदाचे धणे कमी वासाचे निघाले तर दगडफूल किंचित वाढवते, पण डबा उघडला की वास दरवर्षीचाच येतो. त्या मसाल्याला कुणी 'नुसतं जिरं नाही म्हणून हलका' म्हणत नाही. मास्टर ब्लेंडर नमुना पाण्याने साधारण वीस टक्क्यांवर आणतो आणि दिवसभर हुंगतो. पिणं फार थोडं. तीस-चाळीस व्हिस्क्या जुळवून तीच चव पुन्हा उभी करणं हे मोठं कसब आहे. जॉनी वॉकरकडे आज ते एमा वॉकर सांभाळतात. आडनाव तेच असलं तरी संस्थापकांशी नातं नाही.

आता बाटली हातात घेतल्यावर. स्कॉच म्हणवण्यासाठी व्हिस्की स्कॉटलंडमध्ये, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, किमान तीन वर्षं मुरावी लागते. लेबलवर १२ असेल तर आतला सर्वांत तरुण थेंबही बारा वर्षांचा असतो, आणि त्यात ग्रेनही आलं. माझ्या मते हीच सगळ्यात कामाची खूण. स्वस्त ब्लेंडचा घशाला लागणारा चरका बहुधा कोवळ्या ग्रेनचा असतो. बारा वर्षांत ते ग्रेन व्हॅनिलासारखं मऊ होतं. जॉनी वॉकरची ब्लॅक लेबल म्हणूनच टिकून आहे. आधी सुकामेवा, मग मागून येणारा बेटांकडचा धूर. रंगावर मात्र जाऊ नका, कॅरमल घालायला कायद्याने परवानगी आहे.

वय न छापलेलीही एक बाटली मी नेहमी सुचवतो. टीचर्स. मॉल्टचं प्रमाण चढं ठेवण्यासाठी ती ओळखली जाते, आणि तिचा कणा म्हणजे १८९८ साली उभारलेल्या आर्डमोर भट्टीची, पीट या दलदलीतल्या इंधनाच्या धुरातली मॉल्ट. गेल्या वर्षी कोजागिरीनंतरच्या शनिवारी मी चार सारखे पेले भरले, वर बशा झाकल्या, तळाला चिकटपट्टीवर आकडे लिहिले. एकात महागडी सिंगल मॉल्ट होती. थोडं साधं पाणी घालून दहा मिनिटं तसेच ठेवले. बशी उचलताच तिसऱ्या पेल्यातून विझत आलेल्या चुलीचा वास आला, मागे मधाचा. मॉल्टशिवाय काही न पिणाऱ्या माझ्या मित्राने तोच पेला मॉल्टचा म्हणून निवडला. ती टीचर्स होती. त्याने पेला उलटा करून आकडा दोनदा वाचला, आणि बर्फाचं भांडं त्या रात्री कुणी मागितलं नाही.

धूर आवडत असेल तर व्हाइट हॉर्सही पाहावी. पीटर मॅकीच्या या ब्रँडचं नातं आयला बेटावरच्या लागाव्हुलिन भट्टीशी. शिवासची १२ गोडसर आणि मवाळ. मला ती लवकर कंटाळवाणी होते, पण नव्याने पिणाऱ्याला तिथून सुरुवात सोपी जाते. जॉनी वॉकर ग्रीन १५ वर्षांची आहे आणि तिच्यात ग्रेन नाही, फक्त मॉल्ट. कायद्याने ती वेगळी जात.

वाइन शॉपमध्ये एक खबरदारी घ्या. 'स्कॉच मिसळलेली' असं लिहिलेली देशी व्हिस्की म्हणजे स्कॉच नव्हे. तिचा पाया बहुतेकदा मळीचं स्पिरिट असतो. मोठ्या टाक्यांतून आलेली आणि इथे बाटलीत भरलेली स्कॉच मात्र अस्सल स्कॉचच. तिच्यावरचा ४२.८ टक्के हा आकडा जुन्या ७५ प्रूफचा, आपल्या '२५ यूपी'चा (अंडर प्रूफ). ४० टक्क्यांच्या बाटलीपेक्षा ती पाणी जास्त सोसते.

किमतीचं म्हणाल, तर महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं. जुलै २०२५मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे.

मला सध्या ओढ आहे ती कंपास बॉक्सची. जॉन ग्लेझर यांनी २००० साली लंडनमध्ये काढलेली ही छोटी कंपनी. आत काय-काय आणि किती वर्षांचं, हे सगळं गिऱ्हाइकाला सांगायचा त्यांचा आग्रह. नियमाने फक्त सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय सांगता येतं, म्हणून २०१६मध्ये त्यांनी त्याविरुद्ध मोहीमच उघडली. पुण्यात मला त्यांची बाटली अजून दिसलेली नाही. भाची डिसेंबरात लंडनहून येणार आहे, तिला सांगून ठेवलं आहे.