काळोख त्या काळाचाच हवा

रेनॉल्ड्स हे नाव आजच्या वाचकाला फारसं ठाऊक नसेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र इंग्रजी शिकलेली आपल्याकडची तरुण मंडळी लंडनच्या या कादंबरीकारावर अक्षरशः तुटून पडत. हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’ या पहिल्या कादंबरीवरही त्याची छाया आहे. या रेनॉल्ड्सने १८४६-४७ मध्ये आपल्याच नियतकालिकातून ‘वॅग्नर द वेअरवुल्फ’ ही कादंबरी क्रमशः छापली. कथेला सुरुवात होते १५१६ च्या जानेवारीत, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या रानात. नव्वदीचा एकाकी म्हातारा, बाहेर वादळ आणि दारात अनोळखी पाहुणा. पाहुणा म्हाताऱ्याला तारुण्य, रूप, पैसा सगळं देऊ करतो. मोबदल्यात काही काळ त्याच्या सोबतीला राहायचं आणि दर महिन्याच्या अखेरीस एक रात्र लांडगा होऊन रानोमाळ धावायचं. म्हातारा कबूल होतो. तिथून गोष्ट फ्लॉरेन्सला जाते आणि सरदारांचे वाडे, इन्क्विझिशनच्या कोठड्या, तुर्की वजीर असं बरंच काही पोटात घेत फुगत राहते.

कादंबरी पसरट आहे, योगायोगांनी खच्चून भरलेली आहे. पण आज ज्याला ‘डार्क हिस्टॉरिकल फॅन्टसी’ म्हणतात, त्याचा सगळा ऐवज तिच्यात आहे. मध्ययुग किंवा प्रबोधनकाळ, नकाशावर सापडणारी गावं, इतिहासात नोंदलेली माणसं आणि त्यांच्यात उघडपणे वावरणारं अमानवी काहीतरी. गेल्या शे-दीडशे वर्षांत या मिश्रणातून काही फार मोठ्या कलाकृती निर्माण झाल्या आणि पुष्कळ कचराही साठला. दोन्हींतला फरक मला एका कसोटीवर दिसतो. कथेतला काळोख त्या काळातल्या माणसाचा आहे की लेखकाने आपल्या काळातून तिकडे नेऊन ओतलेला आहे? चौदाव्या शतकातल्या शेतकऱ्याला सैतान हा खंडणीइतका आणि तापाइतका खरा होता. लेखक त्याचं ते भय शब्दशः खरं धरतो, तेव्हा कथा उभी राहते. गढी, धुकं आणि कावळे एवढ्यावर भागवतो, तेव्हा ती पडद्यावर रंगवलेल्या देखाव्यासारखी सपाट होते.

मूळपुरुष शोधायचा तर होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’पाशी जावं लागतं. १७६४ मध्ये ती प्रथम निघाली तेव्हा वॉलपोलने स्वतःचं नाव घातलंच नाही. १५२९ साली नेपल्समध्ये छापलेलं एक इटालियन पुस्तक उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात सापडलं आणि हा त्याचा अनुवाद, अशी बतावणी त्याने केली. पुस्तक खपलं, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत खरं सांगून टाकलं. लग्नाच्या दिवशी आभाळातून प्रचंड शिरस्त्राण कोसळतं आणि राजपुत्र त्याखाली चिरडून मरतो, हा तिचा आरंभ. आज ती वाचवत नाही, हे स्पष्टच सांगतो. पण ‘जुनं हस्तलिखित सापडलं’ ही तिची युक्ती पुढे उंबेर्तो एकोपासून मेरी जेंटलपर्यंत सगळ्यांनी वापरली.

विसाव्या शतकाच्या तिशीत अमेरिकेतल्या ‘वियर्ड टेल्स’ या स्वस्त मासिकाने या प्रकाराला घर दिलं. कॅलिफोर्नियातल्या ऑबर्न गावाजवळ राहणारा, जवळजवळ सगळं शिक्षण घरीच स्वतःच्या वाचनाने मिळवलेला क्लार्क ॲश्टन स्मिथ हा त्यातला माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ. त्याने मध्ययुगीन फ्रान्समध्ये आव्हेर्वान नावाचा एक काल्पनिक प्रांत वसवला. ‘द कोलॉसस ऑफ इलूर्न’ या कथेत साल आहे १२८१. नाथेर हा खुजा मांत्रिक मरणापूर्वी सूड घ्यायचं ठरवतो आणि प्रांतभरच्या दफनभूमीतली ताजी प्रेतं उठून इलूर्नच्या ओसाड गढीकडे चालू लागतात. तिथे त्या प्रेतांच्या हाडामांसातून एक राक्षसी देह घडवला जातो. ही कल्पना किळसवाणी वाटेल. पण अंतिम न्यायाच्या दिवशी मृत देहानिशी उठणार, ही त्या काळाची श्रद्धाच स्मिथने उलटी करून दाखवली आहे. म्हणून ती आतपर्यंत पोचते. त्याच मासिकात रॉबर्ट हॉवर्डचा सॉलोमन केन हा काळ्या पोशाखातला प्युरिटन १९२८ मध्ये अवतरला. कथा वेगवान आहेत, पण आफ्रिकेतल्या माणसांकडे पाहण्याची त्यांची नजर आज सहन होत नाही.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायला हवं, कारण बहुतेक लेखक त्यातच अडकतात. चेटकिणींना जाळणं म्हणजे ‘अंधारं मध्ययुग’ असं आपण सर्रास धरून चालतो. प्रत्यक्षात चेटूकविरोधी खटल्यांचा सर्वांत भीषण काळ साधारण १५६० ते १६५० हा आहे. म्हणजे लिओनार्दो होऊन गेलेला, कोपर्निकसचा ग्रंथ छापून झालेला, शेक्सपियर नाटकं लिहीत असलेला काळ. हाइनरिश क्रेमरचं ‘मालेयुस मालेफिकारुम’ हे चेटकिणी शोधण्याचं कुप्रसिद्ध पुस्तक १४८६-८७ मध्ये निघालं आणि पुन्हा पुन्हा छापलं गेलं ते नव्याकोऱ्या छापखान्यांच्याच बळावर. या खटल्यांत सुमारे चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य बायका.

योहानेस केप्लरचं उदाहरण घ्या. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा हा माणूस. त्याची आई कातारीना लिओनबर्गमध्ये औषधी मुळ्या देणारी, तोंडाने फटकळ बाई. १६१५ मध्ये एका शेजारणीने तिच्यावर चेटकाचा आरोप केला. प्रकरण वाढत गेलं आणि सत्तरी ओलांडलेल्या या बाईला चौदा महिने साखळदंडात राहावं लागलं. केप्लरने काम बाजूला ठेवून बचावाची कागदपत्रं स्वतः तयार केली. छळाची हत्यारं समोर मांडून तिला धमकावण्यात आलं, तरी तिने कबुली दिली नाही. १६२१ मध्ये ती सुटली आणि पुढच्याच वर्षी वारली. यातली सर्वांत अंगावर येणारी गोष्ट वेगळीच आहे. केप्लरने त्याआधीच चंद्रप्रवासाची एक कथा लिहिली होती, ‘सोम्नियुम’. तिच्यातल्या नायकाची आई औषधी वनस्पती विकते आणि आत्म्याला बोलावून मुलाला चंद्राची वाट दाखवते. हस्तलिखित लोकांच्या हाती फिरलं, त्यातून आईबद्दलच्या कुजबुजीला खतपाणी मिळालं, असं केप्लरला पुढे वाटत राहिलं. कल्पनाकथेने एका आईला चितेच्या काठापर्यंत नेलं. एवढं प्रखर कथानक इतिहासानेच दिलेलं असताना लेखकांनी उसने ड्रॅगन का आणावेत?

केप्लर ज्या सम्राटाचा गणिती होता, तो दुसरा रुडॉल्फ. त्याचं प्राग म्हणजे किमयागार, ज्योतिषी, चित्रकार, ठक यांची गजबज. आणि तिथेच या प्रकारातलं माझ्या लेखी सर्वांत सुंदर पुस्तक घडतं, लिओ पेरुत्सचं ‘दगडी पुलाखाली रात्री’. पेरुत्स प्रागमध्ये जन्मलेला ज्यू, व्हिएन्नात विमा कंपनीत गणिती म्हणून नोकरी केलेला. १९३८ मध्ये नाझींमुळे त्याला पॅलेस्टाईन गाठावं लागलं. १९२४ च्या सुमारास सुरू केलेलं हे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यात वर्णिलेलं प्रागचं ज्यू जग उरलेलंच नव्हतं.

पहिल्याच कथेत ज्यू वस्तीत साथ आली आहे आणि लहान मुलं पटापट मरत आहेत. लग्नसमारंभात गाऊन-नाचून पोट भरणाऱ्या दोघा गरिबांना रात्री स्मशानात मेलेल्या मुलांची भुतं खेळताना दिसतात. वस्तीतल्या कुणाच्या तरी पापामुळे हे होतंय, असं कळतं. ज्ञानी रब्बी लोएव शोध घेतो तेव्हा वाट त्याच्याचपाशी येऊन थांबते. सम्राट एका ज्यू व्यापाऱ्याच्या बायकोवर, एस्थरवर, मोहित झालेला. ती मिळाली नाही तर ज्यूंना देशोधडीला लावण्याची त्याने धमकी दिलेली. तेव्हा रब्बीने नदीकाठी दगडी पुलाखाली गुलाब आणि रोझमेरी अशी दोन झुडपं शेजारी लावून मंत्राने जखडली. रोज रात्री गुलाब रोझमेरीला बिलगतो आणि सम्राट आणि एस्थर स्वप्नात एकमेकांच्या मिठीत असतात. देहाने कुणीच पाप केलेलं नाही. तरीही मुलं मरताहेत. रब्बी जाऊन रोझमेरी उपटतो, नदीत फेकतो. त्याच रात्री साथ थांबते आणि एस्थर मरते. पंधरा कथांची ही माळ उलटसुलट काळातून जाते. एका कथेत ऐकलेली किरकोळ गोष्ट चार कथांनंतर काळजात घुसते. भय, प्रेम आणि न्याय यांचा असा गोफ मी दुसरीकडे वाचलेला नाही.

पोलंडचा आंद्रेई सापकोव्स्की आपल्याकडच्या तरुणांना ‘द विचर’ मालिकेमुळे माहीत आहे. त्याचं खरं मोठं काम मात्र हुसाइट युद्धांवरची कादंबरी-त्रयी आहे. २००२ ते २००६ या काळात ती पोलिशमध्ये आली, इंग्रजीत यायला २०२० उजाडलं. धर्मसुधारक यान हुसला १४१५ मध्ये कॉन्स्टन्सला जिवंत जाळलं, त्यातून बोहेमियात वणवा पेटला. कथा १४२५ पासूनची, सायलेशियातली. नायक राइनेव्हान हा वैद्यक शिकलेला, थोडीफार जादू येणारा आणि प्रेमात पडायची खोड असलेला तरुण. परक्याच्या बायकोसोबत पकडला जातो आणि पळत सुटतो तो तीन जाडजूड खंडभर. पोप, बिशप, गुप्तहेर, पक्ष्याचं रूप घेणारा खुनी, चेटकिणींचा मेळा असं सगळं त्यात आहे. मला त्यातलं हसू सर्वांत मोलाचं वाटतं. मध्ययुग म्हटलं की चिखल, रक्त आणि बलात्कार यांचा ढीग रचला म्हणजे ‘वास्तव’ झालं, असं मानणारे लेखक हल्ली फार माजलेत. ती माणसं दारूच्या गुत्त्यात अचकटविचकट विनोद करत, वाद घालत, गात, हे सापकोव्स्की विसरत नाही. म्हणून त्याचं गाव जळतं तेव्हा खरंच कुणाचं तरी घर जळतं.

ख्रिस्तोफर ब्यूलमनची ‘बिट्वीन टू फायर्स’ (२०१२) ही या कसोटीवर सर्वांत थेट उतरणारी कादंबरी. १३४८, फ्रान्स, काळी महामारी. १३४७ मध्ये सिसिलीतल्या मेसिना बंदरात उतरलेली ही साथ काही वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं घेऊन गेली. क्रेसीच्या लढाईनंतर सर्वस्व गमावलेला, लुटारूंच्या टोळीत शिरलेला थॉमस हा सरदार आणि आईबापाविना उरलेली एक मुलगी. तिला आविन्योंला जायचंय. देवदूत दिसतात, असं ती सांगते. वाटेत नदीतला राक्षस, पॅरिसमध्ये रात्री चालू लागणारे दगडी पुतळे. लेखक कशाचंही आधुनिक स्पष्टीकरण देत नाही. देव गप्प झाला आणि सैतानांनी ते ओळखलं, असं त्या वर्षी माणसांना वाटत होतं. कादंबरी म्हणते, तसंच झालं होतं. त्या साथीत आविन्योंचा पोप सहावा क्लेमेंट दोन धगधगत्या आगींच्या मध्ये बसून राहत असे, ही हकीकत शीर्षक वाचताना आठवल्याशिवाय राहत नाही.

मेरी जेंटलची हजारावर पानांची ‘ॲश’ (२०००) बर्गंडीच्या धाडसी चार्ल्सच्या अखेरच्या लढायांभोवती फिरते आणि भाडोत्री फौजेची स्त्री-सेनापती इतकी जिवंत करते की थकवा आला तरी पुस्तक सोडवत नाही. जपानी चित्रकथाकार केन्तारो मिउराची १९८९ मध्ये सुरू झालेली ‘बर्सर्क’ काल्पनिक देशात घडते, पण तिच्यातले धर्मछळाचे प्रसंग युरोपच्या इतिहासातूनच आलेत. २०२१ मध्ये चोपन्नाव्या वर्षी तो गेला तेव्हा काम अपुरं होतं. आता त्याचा मित्र आणि सहकारी ते पुढे नेत आहेत.

रशियाच्या येवगेनी वोदोलाझकिनच्या ‘लावर’ (२०१२) बद्दल मात्र घाईने बोलता येत नाही. लेखक स्वतः जुन्या रशियन साहित्याचा अभ्यासक. पंधराव्या शतकातला एक वैद्य, प्रेयसी आणि बाळ बाळंतपणात गेल्यावर उरलेलं आयुष्य तिच्या वाटणीचं पुण्य कमावण्यात घालवतो. नावं बदलतो, वेड पांघरतो, यात्रेला जातो. साथी आहेत, भविष्यकथन आहे, १४९२ मध्ये जग संपणार ही धास्ती आहे. मध्येच रानातला बर्फ वितळतो आणि खालून प्लास्टिकच्या बाटल्या वर येतात. वाचक दचकतो. ईश्वराच्या दृष्टीने सगळा काळ एकदमच हजर असतो, ही त्या माणसांची श्रद्धा होती. लेखकाने ती एका बाटलीत दाखवली.

हे सगळं युरोपचं. पण त्या युरोपची सावली आपल्या दारातही पडली होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. शार्ल देलों या फ्रेंच वैद्याने तिथल्या तुरुंगवासाची हकीकत १६८७ मध्ये छापली. कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देव घेऊन रात्री होडीत बसलेल्या माणसाला मागे राहिलेल्या देवळाच्या जागेबद्दल काय वाटलं असेल? मागच्या काठावर उरलेल्या ग्रामदेवता, राखणदार, ब्रह्मो यांचं काय झालं, असं त्याला वाटलं असेल? आणि समोरचा पोर्तुगीज पाद्री त्याच देवतांना सैतान मानत होता, म्हणजे त्यांचं अस्तित्व तोही नाकारत नव्हता. दोन्ही भयं खरी धरून लिहिणारा लेखक मराठीत किंवा कोकणीत हवा. आपल्याकडे इतिहासाची कादंबरी लिहिणारे आहेत, धारप-मतकरींनी घडवलेला भयकथेचा वाचक आहे. कुणीतरी हे काम अंगावर घ्यावं, ही माझी मनापासूनची विनंती.

वाचकांसाठी एवढंच: सुरुवात पेरुत्सपासून करा. पुस्तक लहान आहे, इंग्रजीत मिळतं. कथा छापलेल्या क्रमानेच वाचा आणि पहिली पुन्हा एकदा शेवटी वाचा.