खैरानी रोडवरची घरभेट

सकाळी अकराच्या सुमाराला साकीनाक्याच्या खैरानी रोडवर चालायला जागा नसते. गाळ्यांना पाठ लावून उभे असलेले टेम्पो, भंगाराच्या हातगाड्या, खांद्यावर कापडाचे तागे घेतलेली पोरं. या गर्दीतून परिविक्षा अधिकारी बाई पुढे आणि मी मागे. वस्तीत त्यांना सगळे पीओ मॅडम म्हणतात. मी एका संस्थेची स्वयंसेवक म्हणून अशा घरभेटींना त्यांच्याबरोबर जाते.

ज्याच्या घरी निघालो होतो तो मुलगा तेव्हा डोंगरीच्या निरीक्षणगृहात होता. १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी १०१ दिवस काढले तो हाच जुना तुरुंग. आजही आया पोरांना ‘डोंगरीला टाकीन’ असा दम देतात. मुलाचं नाव आणि गल्ली मी सांगणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ ओळख उघड करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत तांब्याच्या तारेची चोरी झाली, दोन मोठ्या माणसांबरोबर हाही सापडला, एवढं पुरे.

अशा मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी महिला. मूल पहिल्यांदा समोर आलं की १५ दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपास अहवाल हवा. मंडळाला मुलाचं घर दिसत नाही. दिसतो तो हा अहवाल.

खोली दहा बाय दहाची. पोटमाळ्यावर रात्रपाळी करून आलेले वडील झोपलेले. खाली जमिनीवर जीन्सचे ढीग, आणि त्यांच्या मधोमध आई हातात कटर घेऊन धागे कापत बसलेली. मॅडमनी फॉर्म पिशवीतून काढलाच नाही. पाणी मागितलं, भिंतीला टेकून बसल्या, गावाकडच्या पावसाची चौकशी केली. मग सहज विचारावं तसं म्हणाल्या, “पोरगा झोपतो कुठं?”

“हितंच की, दारापाशी.”

“आणि हा माल?”

“माल रातच्याला बाराला उचलत्यात. तवर पाय ठेवाया जागा न्हाई, मॅडम. तवर तो भाईरच असतो.”

मॅडम क्षणभर काही बोलल्या नाहीत. पोलिसांकडून आलेल्या कागदांत एक ओळ होती : रात्री उशिरापर्यंत घराबाहेर राहतो, वाईट संगत आहे. ओळ खरीच होती. बारापर्यंत नाक्यावर बसणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला तिथे भेटणार कोण? आपल्यापेक्षा मोठी, रिकामी माणसं. अहवालाच्या नमुन्यात मित्र वयाने मोठे की लहान, असा प्रश्नच आहे. त्याचं उत्तर कुणीही टिक करून टाकील. पण ती मैत्री कपड्यांच्या गठ्ठ्यांमुळे झाली, हे कळायला त्या खोलीत बसावं लागतं.

दुसरी अडचण वयाची. मुलगा सोळा सांगत होता, आधार कार्ड एकोणीस, म्हणजे सज्ञान. कार्डावर तारीख होती १ जानेवारी. जन्मतारीख नक्की ठाऊक नसली की अनेकांची तीच लिहिली जाते. आईने फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढली. रेशनकार्डाच्या घडीत जालना जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेचा दाखला होता, कडा फाटलेला, शिक्का मात्र शाबूत. मॅडमनी तो उजेडात धरला आणि आधी जन्मतारीख नव्हे, रजिस्टर नंबर वाचला. शाळेतल्या मूळ नोंदीशी पडताळणी त्याच नंबराने होते. कलम ९४ वय ठरवताना आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला पाहतं, तो नसेल तर जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. त्या यादीत आधार कार्ड नाही.

असा कागद वेळेवर पुढे न आल्याची किंमत महाराष्ट्रात एकाने फार जबर मोजली आहे. पुण्यातल्या १९९४ च्या एका हत्याकांडात नारायण चौधरीला फाशीची शिक्षा झाली. गुन्ह्याच्या वेळी तो जेमतेम बारा वर्षांचा होता, हे राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं मार्च २०२३ मध्ये. तोवर त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.

बाल न्याय कायद्यात सुधारणा म्हटलं की आपली चर्चा वय सोळा करा की अठराच ठेवा, इथे अडते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला, आणि १७ वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला. अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. लोक संतापले, आणि तो संताप मला समजतो. पण कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन हा नियम आहे, अपवाद मोजके. प्रश्न असा की त्या मुलाच्या घरी कोण गेलं, काय पाहिलं? हा प्रश्न मला कुठे फारसा ऐकू आला नाही. श्रीमंताच्या मुलामागे वकील उभे राहतात. खैरानी रोडच्या मुलामागे उभा राहतो तो हा अहवाल, आणि तो लिहिणारी माणसं बरीचशी कंत्राटी. घरभेटी त्यांच्याच, मंडळापुढच्या तारखा त्यांच्याच, सुटलेल्या मुलाची विचारपूसही त्यांच्याचकडे. मला विचाराल तर सरकारने आधी ही माणसं वाढवावीत, कायम करावीत. कलमं पुष्कळ चांगली आहेत.

निघताना मॅडमनी दाखल्याचा फोटो घेतला, मूळ प्रत आईच्या हातात परत दिली आणि विचारलं, “माल कोण पाठवतो?”

ठेकेदाराचा गाळा दोन गल्ल्या पलीकडे होता. त्याने आधी हात झटकले. पोराने माझ्याकडे काही चोरलं नाही, मला कशाला गोवता, म्हणाला. मॅडमनी त्याला खुर्ची घ्यायला लावली. गोवत नाही, म्हणाल्या, फक्त त्या घरचा माल नऊला उचलाल का?

“नऊला टेम्पो गल्लीत शिरतच नाही, मॅडम. साडेदहा करतो.”

मुलाला रात्रशाळेत घालायचं म्हटलं, तर ती साधारण साडेनऊला सुटते. मधला तास उरतोच. त्यावर बोलायला मॅडम पुन्हा त्या खोलीकडे वळल्या. आई म्हणाली, मामा जरीमरीला राहतो, शाळेतून पोरगा त्याच्याकडे जाईल, जेवून मामाबरोबरच घरी येईल. मॅडमनी मामाचा फोन नंबर घेतला, तिथूनच त्याला फोन लावला आणि मंडळापुढच्या पुढच्या तारखेला हजर राहायला सांगितलं.