वाशिमला जावं ते दसरा झाल्यावर

देवळांच्या कुठल्याही गावाची माहिती वाचायला घ्या, शेवटी ठरलेली ओळ भेटते: जाण्यास उत्तम काळ, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. विदर्भात राहणारा माणूस या सल्ल्याशी भांडणार नाही. वैशाखातल्या दुपारी वाशिमच्या फरसबंदीवर अनवाणी पाय ठेवून पाहावा, म्हणजे भांडण आपोआप मिटतं. तरीही हा सल्ला अपुरा आहे. अंगाला कधी बरं वाटेल एवढंच तो सांगतो; गाव कधी पाहण्यासारखं असतं, हा प्रश्न त्याच्या गावीही नसतो. वाशिमसारख्या गावाच्या बाबतीत ही चूक महागात पडते, कारण तिथे दगडात उरलेलं थोडं आहे आणि चालू असलेलं पुष्कळ.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. सर्वसेनाने ती शाखा सुरू केली आणि हरिषेणाच्या काळात ती वैभवाला पोचली. १९३९ साली वाशिमला सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे या घराण्याचा धागा नीट हाती लागला. पण ते वैभव डोळ्यांनी पाहायचं तर वाशिमला येऊन उपयोग नाही, अजिंठ्याला जावं लागतं. तिथलं सोळावं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलं. ते लेणं बारा महिने तेच असतं. ज्येष्ठात गेलात काय आणि पौषात गेलात काय, भिंतीवरचं चित्र बदलत नाही. राजधानीत मात्र ना राजवाडा उरला ना तट. आज जे ठळकपणे दिसतं ते बालाजीचं देऊळ अठराव्या शतकातलं, नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत भवानी काळू यांनी बांधलेलं. बाकी वारसा आहे तो पाण्याचा आणि पंचांगाचा. या दोन्ही गोष्टी ऋतूप्रमाणे बदलतात.

आधी पाणी. वाशिम जिल्हा उंच पठारावर, पाणलोटाच्या कण्यावर बसला आहे. वाशिमजवळच्या काटा गावाकडून निघणारी काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेकडे, म्हणजे शेवटी तापीकडे जाते. दक्षिणेकडचं पाणी पैनगंगेतून गोदावरीच्या खोऱ्यात उतरतं. पडलेला पाऊस दोन्ही बाजूंनी जिल्हा सोडून जातो आणि खालचा काळा पाषाण फारसं पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे नाशिक किंवा पैठणसारखा मोठ्या नदीचा घाट या गावाच्या नशिबी नाही. इथलं तीर्थ म्हणजे तळं. पद्मतीर्थ हे त्यातलं सर्वांत मानाचं, आणि गावात अशी एकशेआठ तीर्थं होती अशी परंपरा आहे. तळ्याचं गाव तळं भरल्यावर पाहावं, हे सांगायला खरं तर कुणी शास्त्री लागू नये. पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो. आश्विनात पाणी वरच्या पायऱ्यांना टेकलेलं असतं, गाळ खाली बसू लागलेला असतो. उन्हाळा जवळ येतो तशी एकेक पायरी उघडी पडते आणि तिच्यावर शेवाळाची सुकलेली हिरवट रेघ तेवढी राहते.

मग पंचांग. इथे वाशिमचा मान थोडा वेगळाच आहे. जुन्या ज्योतिषांनी लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांतून जाणारी एक मध्यरेषा मानली होती आणि ग्रहगणित तिच्यावरून करत. ११८३ सालापासूनचं गणित देणाऱ्या भास्कराचार्यांच्या करणकुतूहलात त्या रेषेवरच्या ठिकाणांत वत्सगुल्माचं नाव येतं. आजच्या नकाशावर वाशिम उज्जैनच्या अंशाहून अधिक पूर्वेला आहे, तेव्हा रेषा काही सरळ बसत नाही. पण गावात मध्यमेश्वराचं देऊळ आहे आणि मान आहे तो आहे. अशा गावाची वेळ हवामानखात्याला विचारण्यापेक्षा तिथीला विचारावी. तिथी सांगते आश्विन: याच महिन्यात बालाजीची यात्रा भरते.

यावर पहिली हरकत गर्दीची. ती खरी आहे. ऐन दसऱ्याला ज्याला खांबावरचं कोरीव काम निवांत पाहायचं आहे, त्याने येऊच नये. पण दशमी ते कोजागिरी हे पाच दिवस उरतातच. यात्रेची लगबग ओसरलेली असते, पण गाव अजून सणाच्या अंगाने वावरत असतं. दुसरी हरकत ऑक्टोबरच्या उकाड्याची. तो असतो, मात्र दुपारपुरता. सकाळी सातला गाव फिरणाऱ्याला त्याचा त्रास नाही. तिसरी हरकत जास्त वजनदार आहे: हा जिल्हा सोयाबीनचा, आणि हेच दिवस सोंगणीचे. शेतात गंज्या लागलेल्या, आभाळ भरलं की ताडपत्री घेऊन धावणारी माणसं, मळणीयंत्राचा भुसा रस्त्यावर. पाहुण्याला गावकऱ्यांची सवड मिळायची नाही. पण मग दसऱ्याच्या बाजारात झेंडूचे ढीग आणि आपट्याच्या पानांशेजारी जी घासाघीस चालते, ती कुणाच्या हातात पीक आलं आणि कुणाचं भिजलं यावरच चालते. हे न पाहता देऊळ पाहिलं तर निम्मंच पाहिलं. शिवाय दसरा सरकत असतो. २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरला होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने २० ऑक्टोबरला. उशिराच्या दसऱ्याला पावसाची धास्ती कमी, म्हणून अधिक महिन्याचं वर्ष प्रवाशाला जास्त सोयीचं.

हाच नियम शेजारच्या गावांना जसाच्या तसा लावू नये. कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. जयंती पौष शुद्ध द्वितीयेला, तेव्हा तिथे थंडीतच जावं. त्याच कारंजातली जुनी दिगंबर जैन मंदिरं पाहायची तर भाद्रपदातलं दशलक्षण पर्व गाठावं. पोहरादेवीला तर बंजारा समाज रामनवमीला, चैत्राच्या उन्हात लोटतो, आणि उन्हाची तक्रार कुणी करत नाही. परदेशातही वेगळं नाही. स्पेनमधल्या सांतियागोचा सण भर उन्हाळ्यात, २५ जुलैला येतो. जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त ३ डिसेंबरला असतं म्हणून हवाही चांगली मिळते, एवढाच गोव्याच्या पाहुण्यांचा योग. वाशिमला तसा आयता योग नाही. पाणी, यात्रा आणि कोरडा रस्ता ही तिन्ही एकत्र येतात ती जेमतेम आठवडाभर, आणि तो आठवडा दरवर्षी पंचांग उघडून शोधावा लागतो.