युवकांच्या हाती जबाबदारी : गागोद्यापासून ब्रसेल्सपर्यंत

दहावी-बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामाच्या युवक संघटनेच्या सभांना येणाऱ्यांची संख्या घटू लागते. "फादर, आता त्याला अभ्यास करू द्या, करिअर घडवू द्या," असे पालक सांगतात. पेण व रोहा परिसरात तर ही काळजी अधिकच समजण्याजोगी आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत मिळेल ते काम धरावे किंवा पहाटे उठून पनवेल-मुंबईची वाट धरावी, असे दोनच मार्ग बहुतेक तरुणांना दिसतात. अशा वेळी नेतृत्व शिबिरात घालवलेले रविवार पुढील आयुष्यात उपयोगी पडतात की वाया जातात, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

पेण तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे ह्यांचा जन्म झाला. वडिलांच्या नोकरीमुळे त्यांचे शिक्षण बडोद्यास झाले. तेथे त्यांनी मित्रांच्या साहाय्याने 'विद्यार्थी मंडळ' स्थापन केले. मंडळाचे सभासद अभ्यास करून व्याख्याने देत, उत्सव साजरे करीत, पुस्तके गोळा करून ग्रंथालय चालवीत. कोणी शिक्षक त्यांच्या डोक्यावर बसलेला नव्हता. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनायकराव सुरतेस उतरले व काशीस गेले. त्याच वर्षी ७ जून रोजी कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. बडोद्याच्या त्या मंडळातील काही मित्र पुढे त्यांच्याबरोबर आश्रमाच्या कार्यात सामील झाले. १९४० सालचे पहिले वैयक्तिक सत्याग्रही आणि १९५१ साली पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ करणारे विनोबा आपण जाणतो. गावोगाव पायी फिरून लोकांपुढे बोलण्याची, त्यांच्याकडे मागण्याची आणि सोबती टिकवून ठेवण्याची सवय विद्यार्थीदशेतच सुरू झाली होती, असे म्हणण्यास आधार आहे.

आता पालक म्हणतील, ह्या उदाहरणाने आमची भीती वाढलीच! ज्या मुलाने परीक्षा सोडली आणि प्रमाणपत्रे जाळली, तो आमच्या मुलाचा आदर्श कसा? आक्षेप खरा आहे. नेतृत्वाचे शिक्षण मुलाला पालकांनी ठरवलेल्या नोकरीकडेच नेईल, अशी हमी कोणीही देऊ नये.

म्हणून ह्याच जिल्ह्याचे दुसरे सुपुत्र पाहू. चिंतामण द्वारकानाथ देशमुख १८९६ साली महाडजवळील नाते येथे जन्मले आणि त्यांचे बालपण रोहा व तळे परिसरात गेले. १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले व मध्य प्रांतात रुजू झाले. ती परकीय सत्तेची नोकरी होती, हे विसरता येत नाही. तरीही तिची एक रीत लक्षात घेण्याजोगी आहे. पंचविशीतल्या तरुणाच्या हाती जमीनमहसूल, न्यायदान व लोकांची गाऱ्हाणी सोपवली जात, आणि त्याच्या प्रत्येक निर्णयाचा जाब वरिष्ठ विचारीत. १९४३ साली देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० साली केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी ते पद सोडले.

एकाने नोकरीचा मार्ग नाकारला, दुसऱ्याने तो शिखरापर्यंत नेला. दोघांच्या तारुण्यात समान दिसते ती एकच गोष्ट : पंचविशीच्या आत खरी जबाबदारी हाती आली. अर्थात दोघेही असामान्य बुद्धीचे होते. शिवाय शिबिराला मुळातच उत्साही मुले येतात, त्यामुळे त्यांच्या पुढील यशाचे सारे श्रेय शिबिराला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सामान्य मुलांचे काय, हे पाहण्यासाठी आपल्या ख्रिस्तसभेचाच अनुभव घ्यावा लागेल.

बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन (१८८२-१९६७) गुरुकुलात शिकत असताना त्यांचे शाळासोबती कारखान्यात गेले. सुटीत घरी आल्यावर हे सोबती ख्रिस्तसभेपासून दुरावल्याचे त्यांना दिसले. ते शल्य त्यांच्या मनातून गेले नाही. १९२५ साली ब्रसेल्स येथे 'ख्रिस्ती युवा कामगार' चळवळ आकारास आली. 'पाहा, पारखा, कृती करा' ही तिची पद्धत होती. तरुण कामगाराने स्वतःच आपल्या कारखान्यातील स्थिती पाहायची, शुभवर्तमानाच्या प्रकाशात ती पारखायची आणि एक छोटे पाऊल उचलायचे. धर्मगुरूने सोबत राहायचे, पुढे धावायचे नाही. (आम्हां धर्मगुरूंना हेच सर्वांत कठीण जाते.) पोप २३ वे जॉन ह्यांनी १९६१ सालच्या 'मातेर एत माजिस्त्रा' ह्या परिपत्रात ह्या पद्धतीची शिफारस केली.

ही मुले काही निवडक बुद्धिमंत नव्हती. त्यांच्यातील इंग्लंडचे पॅट्रिक कीगन कापड गिरणीत काम करीत होते. ऑक्टोबर १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत जगभरच्या महागुरूंपुढे प्रापंचिकांच्या वतीने ते बोलले. फ्रान्सचे युजेन देकां ह्याच चळवळीतून घडले व त्या देशातील एका मोठ्या कामगार महासंघाचे सरचिटणीस झाले. अशी नावे मोजकीच. बाकीचे हजारो कामगार नाव न होता सभा चालवायला, हिशेब ठेवायला आणि मालकासमोर न घाबरता बोलायला शिकले.

आपल्याकडे मात्र नेतृत्व शिबिर म्हणजे एक दिवस, एक पाहुणे वक्ते, दुपारचे जेवण, प्रमाणपत्र आणि समूहछायाचित्र असे समीकरण होऊन बसले आहे. पेणच्या गणपती कारखान्यात नव्या मुलाला पहिल्या दिवशी डोळ्यांची आखणी देत नाहीत, पण त्याला नुसते व्याख्यानही देत नाहीत. माती त्याच्या हातात देतात. आपल्या युवकांच्या हाती आपण काय देतो? रोह्याच्या तरुणांनी धाटावच्या कंत्राटी कामगारांना भविष्यनिर्वाह निधी व विमा मिळतो का, ह्याची माहिती काढावी. पेणच्या तरुणांनी वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांतील मुलांची शाळा केव्हा व का सुटते, ते वाडीवर जाऊन विचारावे. मग तहसील कार्यालयात अर्ज लिहावा, उत्तर आले नाही तर पुन्हा जावे. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम करावेच लागते. ती योजना १९६९ पासून चालू आहे. तिच्यात आपली मुले असतातच, त्या अनुभवाची विचारपूस धर्मग्रामात कोणी करीत नाही एवढेच.

उद्या हीच मुलगी परिचारिका म्हणून वॉर्डात उभी राहील, हाच मुलगा कारखान्यात पाळीप्रमुख होईल. नाराज माणसाचे ऐकून घेणे, चार जणांत काम वाटणे, पैशाचा हिशेब चोख देणे, चूक झाली तर सांगणे, ह्या गोष्टी तेथे लागतात आणि त्या कोणत्याही गुणपत्रिकेवर नसतात. येथे आणखी एक नमूद करावेसे वाटते : युवक संघटनेत मुली बहुधा इतिवृत्त लिहितात आणि मुलगे खजिना सांभाळतात. ही वाटणी दर वर्षी बदलावी.

कॅनन कायद्याच्या ५३७ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे आवश्यक आहे. त्या कलमात सभासदांसाठी वयाची अट नाही, नियम करण्याचा अधिकार महागुरूंकडे आहे. आपल्या समितीत पंचविशीच्या आतील किती जण आहेत, हे पुढील सभेत विचारून पाहावे. कोणी नसल्यास एका तरुणाचे व एका तरुणीचे नाव त्याच सभेत सुचवावे.