मानवी गरजा आणि प्रेरणा

मानवी गरजा आणि प्रेरणा हा मानसशास्त्रातील एक मूलभूत अभ्यासविषय आहे. माणूस एखादी कृती का सुरू करतो, ती किती जोमाने करतो आणि अडचणी आल्या तरी ती का चालू ठेवतो, या प्रश्नांची उत्तरे प्रेरणेचे सिद्धान्त शोधतात. आधी पोट भरते आणि मगच माणूस मान, नाती व जीवनाचा अर्थ यांच्याकडे वळतो, अशी एक समजूत रूढ आहे. संशोधनातून तिला अंशतःच पुष्टी मिळते. प्रस्तुत लेखात प्रमुख सिद्धान्तांची ओळख करून दिली असून, मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याच्या जनजीवनातील उदाहरणांनी ते स्पष्ट केले आहेत.

संकल्पना

शरीरात किंवा मनात निर्माण झालेली उणीव म्हणजे गरज, आणि ती भरून काढण्यासाठी कृतीकडे नेणारी शक्ती म्हणजे प्रेरणा. वॉल्टर कॅनन यांनी १९३२ मध्ये शरीर आपले तापमान, पाणी इत्यादींचा समतोल कसा राखते याचे विवेचन केले. या स्थितीला समस्थिती म्हणतात. क्लार्क हल यांनी १९४३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार समतोल बिघडला की तणाव निर्माण होतो आणि तो कमी करण्यासाठी प्राणी हालचाल करतो. तहान व भूक यांचे स्पष्टीकरण यातून मिळते; परंतु कुतूहल, कर्तृत्व किंवा भक्ती यांचे मिळत नाही. हेन्री मरे यांनी १९३८ मध्ये मानसिक गरजांची विस्तृत सूची तयार करून पुढील अभ्यासाचा पाया घातला.

मास्लो यांची गरजांची श्रेणी

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी १९४३ मध्ये पाच प्रकारच्या गरजांची श्रेणी मांडली. शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम व आपलेपणा, प्रतिष्ठा आणि आत्माविष्कार असा तिचा क्रम आहे. खालच्या पातळीवरील गरज बऱ्याच अंशी भागल्यावर वरची गरज प्रभावी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

ही श्रेणी पिरॅमिडच्या आकृतीने प्रसिद्ध झाली असली, तरी मास्लो यांच्या मूळ लेखात ती आकृती नाही. एक गरज पूर्णपणे भागल्याशिवाय दुसरी उद्भवत नाही, असेही त्यांनी म्हटले नव्हते. सर्वसामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७० टक्के, प्रेमाच्या ५० टक्के, प्रतिष्ठेच्या ४० टक्के आणि आत्माविष्काराच्या १० टक्के भागलेल्या असाव्यात, असे काल्पनिक आकडे त्यांनी केवळ स्पष्टीकरणासाठी दिले होते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी आत्माविष्काराच्याही पलीकडे, स्वतःहून मोठ्या असलेल्या कशाशी तरी एकरूप होण्याची पातळी मानली. तिला आत्मातीतता म्हणता येईल.

वारी ही या श्रेणीची कसोटी पाहणारी घटना आहे. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेनुसार संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर यांच्याकडून त्यांना गुरूपदेश मिळाल्याची कथा सांगितली जाते. आषाढी वारीचा काळ खरीप पेरणीच्या काळाला लागून येतो. अशा वेळी पिकाची चिंता, उघड्यावरचा मुक्काम आणि पायपीट पत्करून कोरडवाहू शेतकरी पंढरीची वाट धरतो, तेव्हा सुरक्षिततेची गरज भागलेली नसताना आपलेपणा व आत्मातीतता यांची ओढ प्रबळ ठरते. प्रयाग येथील माघ मेळ्यात कल्पवास करणाऱ्यांवरील २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, थंडी व गैरसोय सोसूनही मेळ्याला न गेलेल्यांच्या तुलनेत त्यांची स्वास्थ्याची भावना वाढली होती.

संपादन प्रेरणा

डेव्हिड मॅक्लेलँड यांनी संपादन, संलग्नता आणि सत्ता या तीन प्रेरणांवर भर दिला. उत्कृष्टतेचे मानदंड ठेवून काम तडीस नेण्याची इच्छा म्हणजे संपादन प्रेरणा. ती प्रशिक्षणाने वाढवता येते का, हे तपासण्यासाठी १९६० च्या दशकात हैदराबाद येथील लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे लहान उद्योजकांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष मॅक्लेलँड व डेव्हिड विंटर यांनी १९६९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. भारतातील उद्योजकता विकास कार्यक्रमांत हे प्रशिक्षण पुढे समाविष्ट झाले.

भारतीय मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९६८ मध्ये या विचाराची मर्यादा दाखवली. साधने विपुल असताना संपादन प्रेरणा उपयुक्त ठरते; साधने तुटपुंजी असताना मात्र तिच्यामुळे साठेबाजी व संघर्ष वाढतात आणि सहकार्याची वृत्ती अधिक फलदायी ठरते. भूजलावर अवलंबून असलेल्या गावात हे सहज समजते. प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर घेण्याची जिद्द धरली, तर सर्वांच्याच विहिरी आटतात. उदय पारीक यांनी याच सुमारास, इतरांच्या व समाजाच्या हितासाठी झटण्याची ‘विस्तार प्रेरणा’ विकासासाठी आवश्यक असल्याचे मांडले.

अपेक्षा सिद्धान्त

व्हिक्टर व्रूम यांच्या १९६४ मधील सिद्धान्तानुसार प्रेरणा तीन घटकांच्या गुणाकारावर अवलंबून असते: प्रयत्न केल्यास काम साधेल हा विश्वास, काम साधल्यास फळ मिळेल हा विश्वास, आणि त्या फळाचे व्यक्तीला वाटणारे मोल. यांपैकी एकही शून्य असेल, तर प्रेरणाही शून्य होते.

हळद हे हिंगोली जिल्ह्यातील महत्त्वाचे पीक आहे. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही उभारण्यात आले आहे. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत हाती येते. हळद मात्र आठ-नऊ महिने जमिनीत राहते आणि काढणीनंतर ती शिजवणे, वाळवणे व पॉलिश करणे बाकी असते. पाण्याची शाश्वती नसेल किंवा कंदकूज रोगाची धास्ती असेल, तर पहिला विश्वास ढळतो. बाजारभावाचा भरवसा नसेल, तर दुसरा. म्हणून हळद न लावणारा शेतकरी आळशी किंवा परंपरावादी ठरत नाही. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याखालील शेतकरी व कोरडवाहू शेतकरी यांची इच्छा सारखीच असली, तरी त्यांचा हिशेब वेगळा असतो.

स्वनिर्धारण सिद्धान्त

एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या मते स्वायत्तता, सक्षमता आणि आपुलकीचे नाते या तीन मानसिक गरजा सर्व माणसांत असतात. त्यांची मांडणी पायऱ्यांची नाही. तिन्हींचे पोषण एकाच वेळी व्हावे लागते. आतून आलेली आवड आणि बाहेरून लादलेले बक्षीस वा शिक्षा यांत हा सिद्धान्त फरक करतो. बक्षीस नियंत्रण करणारे वाटल्यास मूळची आवड कमी होऊ शकते.

टीका

महमूद वाहबा व लॉरेन्स ब्रिडवेल यांनी १९७६ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मास्लो यांच्या क्रमाला फारसा आधार आढळला नाही. लुई टे व एड डीनर यांच्या २०११ मधील १२३ देशांच्या अभ्यासात गरजांची पूर्तता समाधानाशी निगडित आढळली. मूलभूत गरजा सामान्यतः आधी भागतात. परंतु त्या पूर्ण भागलेल्या नसतानाही आपुलकी व आदर यांतून मिळणारे समाधान जवळपास तेवढेच असते.

धोरणातील महत्त्व

गरिबाला आधी फक्त अन्न हवे, सन्मान नंतर, असे गृहीत धरल्यास मदतीचे स्वरूप दानाचे होते. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याहून वेगळ्या तत्त्वावर उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि ‘मागेल त्याला काम’ हा हक्क ठरला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याच्या पहिल्या टप्प्यात, २००६ मध्ये, निवडलेल्या २०० जिल्ह्यांत हिंगोलीचा समावेश होता. हक्काने मिळालेल्या मजुरीतून चूल पेटते, पुढील महिन्याची काळजी कमी होते आणि कोणापुढे हात पसरावा लागत नाही. एकाच कृतीतून अन्न, सुरक्षितता व आत्मसन्मान या तिन्ही गरजा भागू शकतात. मजुरी वेळेवर न मिळाल्यास तिन्हींना एकाच वेळी धक्का बसतो.